उकुलेलेवर एफ बेसूर लागतोय? कानाला दोष देण्याआधी नट तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि माझे ते सात महिने डोळ्यांपुढे आले. तुम्ही लिहिलंय की 21 इंची सोप्रानो उकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) घेऊन दोन महिने झाले, ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, चारही तारा बरोबर दिसतात, सी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) गोड वाजते, पण एफ आणि जी-सेव्हन धरलं की कानाला खटकतं. शेवटी विचारलंय, कानच कच्चा आहे का, विकून टाकू का? विकू नका. कान कच्चा असता तर खटकलंच नसतं.

कॉर्ड कशा धरायच्या ते तुम्हाला येतंय, त्यात जात नाही. तुमच्या तक्रारीतच उत्तर दडलंय. सी वाजवताना फक्त ए तार तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबतो, बाकी तीन मोकळ्या. एफ आणि जी-सेव्हन या दोन्हींत मात्र ई तार पहिल्या फ्रेटवर दाबावी लागते. मोकळी तार सुरात आणि पहिल्या फ्रेटवर तीच चढी, असं असेल तर बहुतेक वेळा दोष नटचा असतो. नट म्हणजे खुंट्यांच्या बाजूची ती छोटी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. स्वस्त वाद्यांत या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नसतात. मग तार फ्रेटपासून उंच राहते, दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. नटच्या अगदी जवळ, म्हणजे पहिल्या फ्रेटवर, हे सगळ्यात जास्त जाणवतं. बोटंही तिथेच जास्त दुखतात. तुमची दुखतात का?

मी सोलापूरच्या पूर्व भागात, मागाच्या खडखडाटात वाढले. ताण्याचा धागा मधेच दाबला की ताण वाढतो, हे लहानपणापासून बोटांना माहीत होतं. तरी वाद्याच्या बाबतीत ते सुचलं नाही, कारण एका क्लासमध्ये मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की 'तुमच्या कानात सूर नाही, आधी पेटीवर अलंकार करा.' तीन महिन्यांची फी आगाऊ भरलेली. अलंकार केले, वाईट काहीच झालं नाही त्यानं, पण एफ तसाच राहिला. मी दोनदा म्हटलं, 'सर, एकदा तुम्ही वाजवून बघा ना.' त्यांनी वाद्य हातातसुद्धा घेतलं नाही. ते मला आजही लागतं. शिकणाऱ्याचा कान बेसूर ठरवण्याआधी त्याचं वाद्य दोन मिनिटं वाजवून बघायला काय जातं? त्या एका वाक्यामुळे मी घरात कुणासमोर वाजवायची बंद झाले. नंतर तारा बदलल्या, मग महागड्या तारा आणल्या. पैसे गेलेच, पण मन उडालं ते जास्त महागात पडलं.

पुढे भाचीच्या तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून नाद नीट करून घ्यायला, मिरजेला गेलो, तेव्हा उकुलेले सोबत नेलं होतं. तिथल्या कारागिरांनी ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरली आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उंच राहते ते उजेडासमोर धरून दाखवलं. तिथे केसाएवढी फट असायला हवी. माझ्या वाद्यात पोस्टकार्ड सहज सरकत होतं. ते एवढंच म्हणाले, 'बाई, तार चढतेय, तुम्ही नाही चुकत.' बारीक कानशीने चार खाचा उतरवायला त्यांना अर्धा तास लागला. नंतर एफ धरला आणि मला रडू आलं.

(हवाईत हे वाद्य घडवलं ते 1879 साली पोर्तुगालच्या मडेरा बेटाहून गेलेल्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांनी. म्हणून याच्या दुखण्याला आधी लाकडावर हात बसलेला माणूस शोधावा, असं माझं ठाम मत.)

तुम्ही आज एवढंच करा. मोकळी ई तार नीट लावा, मग पहिल्या फ्रेटवर हलक्या हाताने, बाजूला न ओढता दाबा आणि ट्यूनर बघा. सेंट म्हणजे सुराचं बारीक माप, लगतच्या दोन फ्रेटमध्ये 100 सेंटचं अंतर असतं. चार-पाच सेंट इकडे-तिकडे चालतात, माझी 25 ने चढत होती. मग बाराव्या फ्रेटवर बघा. तिथे सूर बरोबर आणि पहिल्यावर चढा, तर नटच. बाराव्यावरही खूप चढत असेल तर दोष दुसरीकडे आहे, तसं असेल तर दुकानदाराकडून वाद्य बदलून मागा.

मी काही वाद्य दुरुस्त करणारी नाही, स्वतःच्या एका वाद्यावरून सांगतेय. पण घरी कानस चालवू नका. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार झणझणते आणि नवीन नट बसवावा लागतो.

दोन गोष्टी जाता जाता. नायलॉनच्या नव्या तारा आठवडाभर तरी उतरत राहतात, रोज लावाव्या लागतात. तो ना तुमचा दोष, ना नटचा. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात वाद्य गाडीत ठेवून बाजारात जाऊ नका. बंद गाडीतल्या उष्णतेने डिंक सुटून ब्रिज, म्हणजे तारा जिथे बांधतात ती खालची पट्टी, उखडू शकतो.

ट्यूनरवर पहिल्या फ्रेटचा आकडा किती येतो तो इथे लिहा, मी रात्री बघते.