आधी माणसं ओळख

नव्या शहरात गायन कुठे चांगलं, इमारत कुठे मोठी, हे बघत चर्चं पालथी घालू नकोस. आपल्या बायबलात शब्द आहे ‘मंडळी’, आणि ते काही इमारतीचं नाव नाही. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे जमलेली माणसं. प्रिस्का आणि अक्विला हे सुरुवातीच्या काळातलं ख्रिस्ती जोडपं, तंबू बनवणारं. त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल बायबलातल्या रोमकरांस पत्रात (16:5) सलाम सांगतो. घर हीच उपासनेची जागा!

म्हणून उपासना संपली की लगेच गाडीची किल्ली काढू नकोस. मागे थांब, गीतपुस्तकं गोळा कर. शेजारच्या आजींचं नाव विचार. पुढच्या रविवारी त्या दिसल्या नाहीत तर घरी जाऊन ये. मी आजारी पडलो तेव्हा ज्या बाई रोज डबा आणायच्या, त्यांचं नाव मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं त्यांच्या मागच्याच बाकावर बसत होतो. फार लाज वाटली.

भांडणंही दिसतील, बहुतेक अर्पणाच्या, म्हणजे मंडळीला दिलेल्या देणगीच्या, हिशेबावरून. पौलाच्या काळी ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीतही तट पडलेच होते. पहिल्याच वादाला दुसरीकडे पळू नकोस. आणि प्रीतिभोजनानंतर, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणानंतर, पातेली घासायला बोलावलं तर जरूर जा. पाळकसाहेबांच्या खोलीपेक्षा तिथे जास्त कळतं.