तवा लीगल हुतं की ओ मॅडम

नाव-गाव, आकडे थोडे बदललेत आणि लिहायला ह्यातल्या बहीण-भाऊ दोघांनी हो म्हटलंय, एवढं आधीच सांगते.

ऑनलाईन पैशाच्या गेमवर बंदी आल्यापासून, नादी लागलेल्याला माझ्याकडं घेऊन येणारी घरची माणसं मला एकच विचारतात, की मॅडम बंदी असूनही आमचा खेळतोयच, उलट आता चोरून खेळतो, त्यापेक्षा लीगल करून कडक नियम लावले असते तर बरं झालं नसतं का. हाच प्रश्न घेऊन कोल्हापूरच्या राजारामपुरीतली एक ताई आली, घरी शिवणकाम करते. "मशीन बंद ठेवून आलोय मॅडम, ह्याला घेऊन," म्हणाली (आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात). सोबत 27 वर्षांचा धाकटा भाऊ, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, मोबाईल मांडीवर उलटा धरून बसलेला.

बराच वेळ गप्प होता आणि मग एकदम फुटला. "तवा लीगल हुतं की ओ मॅडम. टीव्हीवर जाहिरात, इंडियाच्या जर्सीवर अॅपचं नाव. पैसे टाकले की 28 टक्के जीएसटी, जिंकलं की 30 टक्के टीडीएस. तवा मी खेळाडू, आन् आता जुगारी व्हय?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण तो अर्धा बरोबर होता. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असं सुप्रीम कोर्टानं 1968 सालीच म्हटलेलं, त्याच आधारावर रमीचे अॅपवाले वर्षानुवर्षं उभे होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि कौशल्य की नशीब हा वादच बाजूला पडला, पैसे लावून खेळायचं सगळंच ऑनलाईन बंद. ह्याचे अॅप बंद पडले, दोन आठवडे घरात शांतता. मग कारखान्यातल्या मित्रानं 'आयडी' काढून दिला, म्हणजे चोरून चालणाऱ्या गेमवरचं खातं. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी भाऊ, पैसे भरायला रोज नवा यूपीआय, संपले की "उद्या दे भावा" म्हणून उधारी चालू. आमच्या लहानपणी मटक्याचा आकडा लावायला माणूस टपरीमागं जायचा, ह्याची टपरी उशाखाली.

म्हणजे ताईच्या बोलण्यात तथ्य होतंच. पण मला वाटलं ही बाई कायद्याबद्दल विचारतच नाहीये, हिला भीती वेगळीच आहे. विचारलं तर रडायलाच लागली, "पोलीस नेतील काय ह्याला?"

तर ह्या कायद्यात शिक्षा खेळणाऱ्याला नाही. गेम चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत, पैसे फिरवून देणाराही सापडतो. हे ऐकल्यावर त्यानं मोबाईल सरळ केला आणि म्हणाला, "दीड लाख न्हाई ताई, चार लाख दहा हजार घालवलेत." तिच्या कानावर खरा आकडा पहिल्यांदाच पडत होता.

मग मी बँकेचं स्टेटमेंट काढायला लावलं, महिन्यामहिन्यानं कागदावर मांडलं. चार दहापैकी तीन लाख साठ हजार बंदीच्या आधी गेलेले, जर्सीवर नाव होतं तेव्हाच. दोन लोन अॅपसुद्धा तेव्हाचीच. कागदाकडं बघून ताई म्हणाली, "मग लीगल असून काय उपेग झाला?"

मी बंदीच्या बाजूनं झुकते, लपवत नाही, पण बंदीनं ह्याच्यासाठी फक्त पुढचं शटर ओढलं, मागचं दार उघडंच राहिलं. आणि नियम म्हणजे काय तेही बघायला पाहिजे. इंग्लंडमध्ये जुगार कायदेशीर आहे, पण एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डनं खेळता येत नाही, आणि एकदा नाव नोंदवून लायसन्सवाल्या सगळ्या साईट स्वतःला बंद करून घेता येतात. तरी तिथंही माणसं बुडतातच. आपल्या ह्या पोरापर्यंत लीगलमधलं जे पोचलं ते जाहिरात आणि टॅक्स.

ताई डोक्यानं तेज, म्हणाली मग तिथले नियम आपण घरातच लावू की. पगार आला की तिच्या खात्यावर, ह्याला रोज पेट्रोल-चहाला दीडशे, यूपीआय काढून टाकलं, मित्र ब्लॉक. एका ठिकाणी मात्र मी आडवी आले. ती गुजरीत, सराफांकडं जाऊन पाटल्या मोडून सगळं कर्ज एका झटक्यात फेडणार होती. हरलेलं दुसऱ्या कुणी भरून दिलं की ह्यांच्या डोक्यात 'रिकव्हरी झाली' एवढंच राहतं आणि हात पुन्हा मोकळा. ओव्हरटाईमच्या पैशातून हप्त्यानं फेडायचं ठरलं, लोन अॅपवाल्यांचे फोन ताईनं घ्यायचे. रात्री जीव कासावीस झाला तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर 14416 भिंतीवर लिहून ठेवला, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

सरळ झालं असं नाही हां. दुसऱ्या महिन्यात मित्राच्या फोनवरून दोन हजार घालवले, पण सकाळी स्वतःच येऊन ताईला सांगितलं. माझ्या हिशेबात ते दोन हजार स्वस्तात गेले.

गेल्या आठवड्यात आला, रंकाळ्यावर चालून, घाम पुसत. म्हणाला, "मॅडम, रविवारी मॅच हाय, बघू का नको?"

म्हटलं बघ की, पण ताईच्या टीव्हीवर, तुझा फोन तिच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये.

"मग झालंच," तो म्हणाला, "ती दर बॉलला विचारणार, ह्यो आउट कसा झाला म्हणून."