दिवसभर वाकलेल्याला आणखी वाकवू नका

या पंधरवड्यात आलेले निम्म्याहून अधिक प्रश्न कंबर, मान आणि गुडघ्याचे आहेत. आषाढातच ते जास्त येतात. बेळगावच्या शहापुरात गेली बावीस वर्षं मी योग शिकवते आहे. वर्गात कोणी नवीन आलं की आधी विचारते, ‘दिवसभर काय करता?’ ते कळल्याशिवाय चटई उलगडू देत नाही. इथेही पत्रातलं तेवढं वाक्य मी आधी शोधलं आणि मग उत्तराला बसले. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं काढली आहेत.

जांबोटीकडच्या एका गावातून लिहिते. वय ५२. रोप लावणी लागली की महिनाभर कंबर धरते. सून मोबाइलवर बघून पश्चिमोत्तानासन कर म्हणाली. तीन दिवस केलं, दुखणं वाढलंच. योग आमच्यासारख्यांचा नव्हेच काय?

आक्का, सुनेचं मन चांगलं आहे, पण आसन चुकलं. पाय पोटरीभर चिखलात, डाव्या हातात रोपाची मूठ, उजव्या हाताची बोटं रोप खोचतात आणि पाऊल मागे सरकतं, असे तुमचे सहा-सात तास जातात. तेवढा वेळ पाठ कमानीसारखी गोल, वर घोंगडीचं ओलं ओझं. मणक्यांच्या मधल्या चकत्या पुढून दाबल्या जातात आणि मागचे स्नायू ताणलेलेच राहतात. घरी येऊन पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं, हे पुन्हा तेच. लावणी अजून संपलीच नाही असं कंबरेला वाटणार!

तुम्हाला उलटं हवं. हातातली मूठ संपली की सरळ उभ्या राहा, दोन्ही तळवे कंबरेच्या मागे ठेवा आणि श्वास सोडत हळूच मागे झुका. पाच वेळा. मिनिटभरही लागत नाही. शेजारणी हसतील, हसू दे. दोन दिवसांत त्याही करतील. रात्री अंथरुणावर पालथं पडून मकरासन, पाच मिनिटं. मग कोपरांवर टेकून छाती उचला, बेंबी जमिनीलाच राहू दे. हे अर्धं भुजंगासन झालं, पुरं करायची गरज नाही.

आणखी दोन गोष्टी. सकाळी उठल्या उठल्या वाकून झाडलोट करू नका. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की त्यांवर ताण जास्त येतो. पहिला अर्धा तास चूल, चहा, उभ्याची कामं करा. आणि शेतात वाकताना गुडघे जरा सैल सोडून खुब्यातून वाका, पाठ गोल करून नको. आपल्याकडच्या जुन्या बायका असंच वाकायच्या.

मागे झुकताना कळ मांडीतून खाली पायात उतरत असेल तर थांबा. पाऊल लुळं पडणं, लघवीवर ताबा न राहणं, मांड्यांच्या आतल्या भागाची संवेदना जाणं, यातलं काही झालं तर योगशिक्षिकेला पत्र लिहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

निवृत्त आहे, टिळकवाडीत राहतो, वय ६६. बी.पी.ची गोळी चालू आहे. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला येणारा मित्र म्हणतो, रोज शीर्षासन आणि पाचशे कपालभाती केल्यावर त्याची गोळी सुटली. मीही सुरू करू का?

नको.

काका, इतक्यावरच थांबणार होते, पण तुम्ही पुन्हा लिहाल. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळपास दुप्पट होतो, काचबिंदू असेल तर नजरेशी खेळ आहे. जोरजोरात पोट आत मारणारी कपालभाती आणि श्वास कोंडून धरणं या दोन्ही गोष्टी रक्तदाब असणाऱ्याने टाळायच्याच. पाचशे हा आकडा कुठून आला कोण जाणे! प्राणायाम काय गिरणीतला दळणाचा हिशेब आहे?

तुमच्या उपयोगाचं आहे ते फार साधं आहे. खुर्चीत बसा, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला सहाच श्वास होतात. एरवी आपण बारा ते वीस घेतो. इतक्या संथ लयीत रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली चालते आणि नाडी खाली येते. दहा मिनिटं, दोन वेळा. याने दाब थोडा उतरतो, खरं आहे. पण गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर तुमच्या वहीतले आकडे बघून ठरवतील. काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळून वर येतो. आणि ताटातलं लोणचं, पापड, खारी बिस्किटं मोजा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा.

निपाणीत विड्या वळते. वय ४४. मान आखडते, रात्री हाताला मुंग्या येतात, झटकून झटकून झोपते. मुलगी म्हणते पद्मासनात बसून प्राणायाम कर. मांडी घालून तर दिवसभर बसलेलीच असते.

ताई, शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर दिलंत.

काही वर्षांपूर्वी मी निपाणीत एका विद्यार्थिनीच्या आईशेजारी तासभर बसले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं. पान उचलायचं, तंबाखूची चिमूट पसरायची, अंगठ्याने गुंडाळायचं, दोरा फिरवायचा, तोंड मुडपायचं. पान नीट वळलं की नाही हे ती बघतसुद्धा नव्हती, बोटांना कळत होतं. तरी त्या तासात तिने मान एकदाही वर केली नाही. माझ्याशी बोलतानाही सुपाशीच बोलत होती. दिवसाला हजार विड्या म्हणजे हजार वेळा तीच बोटं, तेच मनगट, आणि डोकं त्या सगळ्यावर लोंबकळलेलं.

म्हणून पद्मासन नको. आसन स्थिर आणि सुखाचं असावं असं पतंजलींनीच म्हटलंय. ज्या बैठकीत तुमचा गुडघा रडतो ती तुमच्यासाठी आसन नव्हे. भिंतीला पाठ टेकून पाय लांब पसरा. जुन्या वाकळेची घट्ट गुंडाळी करा, ती पाठीच्या कण्याला समांतर ठेवा आणि तिच्यावर उताणं पडा. डोकं टेकलेलं, हात दोन्हीकडे पसरलेले. पाच-सात मिनिटांत छाती आपोआप उघडते. उशी, पट्टा, खुर्ची असे आधार घेऊन आसनं करायची पद्धत बी. के. एस. अय्यंगारांनी जगभर नेली. ते कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे, १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि तिथलेच झाले. आपण वाकळ वापरली म्हणून योग कमी होत नाही.

सूप थेट मांडीवर न घेता खाली घडी घातलेली वाकळ ठेवून चार बोटं उंच करा. मान तेवढी कमी वाकते. विड्यांचा एक कट्टा, म्हणजे जुडी, बांधून झाला की तो खाली ठेवताना नजर आढ्याकडे न्या आणि खांदे मागे फिरवा. घड्याळ लावू नका, कट्टा हेच घड्याळ.

मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात असतील तर मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जात असणार. रात्री मनगट मुडपून, हात उशाखाली घेऊन झोपू नका. सरळ राहील असा मऊ पट्टा बांधा. हातातून भांडी सुटायला लागली असतील तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण नस फार दिवस दाबली गेली की अंगठ्याचा उंचवटा झिजतो आणि ताकद परत येत नाही.

आणि प्राणायाम विड्या वळता त्या खोलीत कधीच नको. तिथे दीर्घ श्वास म्हणजे तंबाखूची धूळ खोलवर नेणं. हात-तोंड धुऊन, लुगडं बदलून, बाहेर सोप्यात बसा.

गल्लीतल्या मोफत वर्गात शिकवणाऱ्या बाई कन्नडमधून सांगतात. मला कन्नड कमी समजतं. सगळे श्वास घेतात तेव्हा मी सोडतो. तोटा होतो का?

होत नाही, फक्त आसन जड जातं. छाती उघडते, हात वर जातात तेव्हा श्वास आत, पोट दुमडतं तेव्हा बाहेर. एवढं धरलंत तर भाषा कोणतीही चालेल. तरी दोन शब्द पाठ करा. उसिरु म्हणजे श्वास, निधानवागि म्हणजे सावकाश. ‘उसिरु बिडि’ म्हणजे श्वास सोडा. माझ्या वर्गात निपाणीकडचे एक आजोबा यायचे. त्यांना वाटायचं बाई विडी सोडायला सांगताहेत. पंधरा दिवस ते रागावून गप्प होते. शेवटी कळलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने तेच हसले. विडी काही सुटली नाही.

चिकोडीजवळ ऊस आहे. वय ४९, साखर निघालीय, दोन गोळ्या आणि रात्री इन्सुलिन चालू. मंडूकासनाने स्वादुपिंड जागं होतं म्हणतात. रोज किती वेळ करावं?

दादा, मुठी पोटात दाबून स्वादुपिंड जागं करता आलं असतं तर इन्सुलिनच्या बाटल्या कशाला लागल्या असत्या? मंडूकासन करा, वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रक्तातली साखर खाणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू. त्यांना काम दिलं की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. म्हणून उत्कटासन (खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहणं), वीरभद्रासन (एक पाय पुढे वाकवून, दुसरा मागे ताणून उभं राहणं), सावकाश सूर्यनमस्कार करा. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले, त्याआधीपासून आपल्या तालमींत जोर-बैठका चालतच होत्या. आनंदवाडीच्या आखाड्यात उतरणाऱ्यांच्या मांड्या बघा आणि आपल्या बघा. तुम्ही म्हणाल शेतात राबतो. हल्ली राबतो ट्रॅक्टर, आपण त्याच्यावर बसतो.

रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. आसनं मात्र जेवणानंतर तीन-चार तासांनी. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी तासभर घाम गाळू नये. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोकं हलकं झालं तर थांबून साखर तपासा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासायची सोय नसेल तर साखर आधी घ्या. डोळ्यांचा पडदा तपासून घेतल्याशिवाय डोकं खाली करण्याची आसनं नकोत. अनवाणी करत असाल तर रोज रात्री तळपाय बघा. बधिर पायाला काटा लागलेला कळत नाही.

अनगोळमध्ये राहते, घरात सात माणसं. नळाला पाणी येतं त्या दिवशी तर श्वास घ्यायला फुरसत नसते. ध्यानाला बसले की पाच मिनिटांत मन स्वयंपाकघरात. सजग जगणं वगैरे आम्हाला जमणार कसं?

मन स्वयंपाकघरात जातंय ना, मग तुम्हीही तिथेच राहा. ज्वारीची भाकरी थापताना बघा. पीठ गरम पाण्यात मळलं, गोळा परातीत ठेवला, तळहाताच्या दाबाने तो फिरायला लागतो. मन दुसरीकडे गेलं की दाब एका बाजूला पडतो आणि कड फाटते. भाकरी तुम्हाला लगेच सांगते की तुम्ही इथे नव्हता. रागवायचं नाही, कड सांधायची आणि पुढे थापायचं. डोळे मिटून श्वासावर बसणाराही हेच करतो. मन गेलं, कळलं, परत आणलं. रोज एकच भाकरी अशी करा, सगळ्या नकोत. पहिली घ्या, तिच्या वेळी अजून कोणी हाका मारत नाही.

पाण्याच्या दिवशी एकच करा. घागर भरताना खांदे कानापर्यंत चढलेले असतील ते खाली सोडा आणि एक लांब उच्छ्‌वास टाका. उच्छ्‌वास लांबला की हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात.

पण एक स्पष्ट लिहिते, घरातल्यांनी वाचलं तरी चालेल. सात माणसांचं काम एकीवर पडत असेल तर ते ध्यानाने हलकं होत नाही, वाटून दिल्याने होतं. सकाळची वीस मिनिटं मागून घ्या. त्या वेळात चहा कोणीतरी दुसऱ्याने करावा.

उद्यमबागमध्ये फाउंड्रीत आहे, वय ३८. काळा कफ पडतो, जिना चढताना दम लागतो. जलनेती आणि भस्त्रिकेने छाती साफ होईल काय?

जलनेतीने नाक धुतलं जातं, छाती नाही. नाकातली काजळी निघेल, बरं वाटेल, जरूर करा. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकातून चढवलं तर एक जातीचा अमिबा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. अर्ध्या लिटरला पाऊण चमचा मीठ पुरे.

भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं, आत्ता बंद ठेवा. साच्याच्या वाळूतली बारीक सिलिका फुप्फुसात खोल रुतली की कोणत्याही क्रियेने बाहेर येत नाही, आणि तिने पडलेले व्रण भरून निघत नाहीत. पुढची धूळ अडवणं एवढंच हातात राहतं. तोंडाला रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा घट्ट मास्क मागून घ्या. साचे फोडायच्या जागी पाणी मारून घ्या. आठ-पंधरा दिवसांत छातीचा एक्स-रे आणि श्वासाची फुंकर-तपासणी करा, ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर त्यावर होईल. तिथे गेल्यावर नुसता खोकला आहे असं सांगू नका. फाउंड्रीत आहे, वाळूत काम करतो, इतकी वर्षं झाली, हे आपणहून सांगा. गर्दीत डॉक्टर ते विचारतीलच असं नाही.