पेला बाळापाशी नको, बाळंतिणीपाशी ठेवा

प्रश्न (चंद्रपूरहून एका आजींचा)

डॉक्टरताई, माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. नात अडीच महिन्यांची झाली, अंगावरचंच दूध पिते. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे, दुपारी कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. पोरीचे ओठ सुकतात, सारख्या उचक्या लागतात, घटकेघटकेला रडते. मी म्हणते, उकळून गार केलेलं पाणी दोन चमचे पाज, तहानेनं जीव कासावीस होतोय तिचा. लेक ऐकत नाही. सहा महिने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं दवाखान्यात सांगितलंय म्हणते. मी तीन लेकरं वाढवली. तिघांनाही बडीशेपेचं पाणी पाजलं, बाळगुटी दिली. तिघंही धडधाकट आहेत. तहानलेल्या जिवाला पाणी नाही म्हणायचं हे माझ्या मनाला पटत नाही. कोणाचं खरं?

उत्तर

आजी, लेकीचं खरं आहे. पण तहानलेल्या जिवाला पाणी नाकारू नये, हे तुमचं म्हणणंही मला पूर्ण मान्य आहे. तुमच्या नातीला कोणी पाणी नाकारलेलंच नाही. ती दिवसभर पाणीच पिते आहे.

मी अकोल्यात २६ वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या आजीच्या तोंडी हाच प्रश्न असतो. मी त्यांना एक हिशेब करून दाखवते, तो तुम्हीही करून बघा. आईच्या १०० मिली दुधात ८७-८८ मिली पाणीच असतं. अडीच महिन्यांची, पाच किलोच्या आसपासची मुलगी दिवसभरात साधारण ७५० मिली दूध पिते. म्हणजे तिच्या पोटात साडेसहाशे मिली पाणी जातं. हेच प्रमाण साठ किलोच्या माणसाला लावलं तर त्याला दिवसाला पावणेआठ लिटर पाणी प्यावं लागेल! तुमच्या घरात इतकं पाणी दुसरं कोणीही पीत नाही.

आणि आईचं दूध पातळ पडत नाही, की त्यात पाणी कमी-जास्त करावं लागत नाही. बाळ अंगावर घेतलं की सुरुवातीचं दूध पाणीदार, गोडसर येतं, मागून दाट, सायीचं येतं. उन्हाळ्यात बाळं पुन्हा पुन्हा मागतात, पाच मिनिटं ओढतात आणि सोडून देतात. ‘घटकेघटकेला रडते’ असं तुम्ही लिहिलंय, ते बहुधा हेच. तिला तहान लागली आहे आणि ती पाणीच मागते आहे, फक्त आईकडे मागते आहे. अशा वेळी तिला लगेच अंगावर घ्यायचं, घड्याळ बघायचं नाही. ‘आत्ताच तर पाजलं होतं’ हे वाक्य उन्हाळ्यापुरतं घरातून हद्दपार करा.

तुमच्या मनात येईल, हे सगळं थंड देशातल्या डॉक्टरांनी लिहिलेलं असेल, आमच्या उन्हाची त्यांना काय कल्पना. शंका रास्त आहे, मलाही शिकत असताना आली होती. पण हे आपल्याच देशात तपासून झालंय. दिल्लीच्या बालरोगतज्ज्ञांनी भर उन्हाळ्यात, चाळिशीच्या तापमानात, नुसतं अंगावर पिणारी बाळं आणि अंगावरच्या दुधासोबत वरचं पाणी घेणारी बाळं अशी तुलना केली. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं. नुसत्या दुधावरच्या बाळांचं अंगातलं पाणी कमी झालेलं नव्हतं, त्यांची लघवीही घट्ट झालेली नव्हती.

आता तुमच्या तीन लेकरांबद्दल. तुम्ही काही चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. त्या काळी आम्ही डॉक्टरच पाणी पाजायला सांगत होतो. माझ्या आईलाही तिच्या डॉक्टरांनी उकळलेलं पाणी पाजायला सांगितलं होतं, माझ्या धाकट्या भावाला तिनं ते पाजलंही. त्याला कारण होतं. तेव्हा बरीच बाळं गाईच्या नाहीतर डब्याच्या दुधावर असत. गाईच्या दुधात प्रथिनं आणि मीठ आईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट. ते लघवीवाटे बाहेर टाकायला बाळाला जास्त पाणी लागतं. आईच्या दुधात मीठ इतकं थोडं असतं की बाळाच्या मूत्रपिंडांना त्याचा भारच होत नाही. वरच्या दुधाचा नियम अंगावरच्या बाळांनाही लागू झाला आणि घराघरात रुजला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ पासून पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध, असं स्पष्ट सांगितलं. त्याआधी चार ते सहा महिने असं म्हणत. म्हणजे नियम बदलला तेव्हा तुमची लेकरं वाढून बसली होती.

दोन चमच्यांनी काय होणार, असं तुम्हाला वाटत असेल. दोन चमच्यांनी बहुतेक वेळा काहीच होत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण दोनावर थांबणारं घर मी फार कमी पाहिलंय. सकाळी आजी दोन पाजते, न्हाऊ घालणारी बाई अंघोळीनंतर दोन पाजते, उचकी लागली की मावशी आणखी दोन. दहा चमचे म्हणजे ५० मिली, बाळाचं अर्धं पोट. त्यात ताकद शून्य. पोट भरल्याची भावना आली की बाळ पुढच्या वेळी कमी ओढतं. बाळानं कमी ओढलं की आईचं दूध कमी बनतं, कारण दूध बनतं ते बाळ जितकं रिकामं करेल त्या मानानं. पंधरा दिवसांत घरात एक वाक्य ऐकू येऊ लागतं, ‘हिला दूधच पुरत नाही’. मग डबा येतो. माझ्यासमोर डबा घेऊन बसलेल्या कितीतरी आयांची गोष्ट अशी एका वाटी-चमच्यापासून सुरू झालेली असते. ती वाटी आणणाऱ्या माणसाच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणूनच मला हे इतकं कळवळून सांगावंसं वाटतं.

शिवाय पाणी उकळलेलं असलं तरी वाटी, चमचा, बोंडलं, हात, झाकण न ठेवता गार करायला ठेवलेलं पातेलं, हे सगळं उकळलेलं नसतं. उन्हाळा संपून पहिला पाऊस पडला की जुलाबाची बाळं यायला लागतात. त्यांत निव्वळ अंगावर पिणारं बाळ क्वचितच सापडतं.

आणि एक गोष्ट क्वचित घडते, पण मी विसरू शकत नाही. शिकत असताना रात्रपाळीला चार महिन्यांचं एक मूल झटके येत असताना आणलं. अंग गार, चेहरा सुजरा. ताप नाही, मेंदूज्वर नाही. रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, ११८. ते १३५ च्या खाली जायला नको. आईबाप मजुरी करणारे, आईचं दूध आटलेलं, आणि डबा महिनाभर पुरवायचा म्हणून एका चमच्याला दुप्पट पाणी घालत होते. शिवाय ऊन म्हणून मध्येमध्ये पाणी. एवढ्याशा मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी झरझर बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साचतं, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. ते मूल वाचलं. त्या आईनं मला विचारलं होतं, ‘पाण्यानं बी असं होते का, बाई?’ तुमच्या नातीच्या बाबतीत असं होईल असं मी म्हणत नाही, पण पाणी बाळाला नेहमीच निरुपद्रवी असतं, ही समजूत खरी नाही.

आता तुम्ही जे डोळ्यांनी बघताय त्याबद्दल. ओठाच्या मध्यावर साल निघते ना? ती बहुतेक वेळा चोखून चोखून आलेली असते. तहान ओठावर नाही, लंगोटात बघायची. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट भिजत असेल, लघवी फिकी असेल आणि वजन वाढत असेल, तर नात मजेत आहे. उचकी पोट भरल्यावर लागते, घसा कोरडा पडून नाही. खांद्याशी उभं धरा किंवा अंगावर लावा, थांबते. दिवसभरात लंगोट अगदी मोजके भिजले, लघवी गडद पिवळी झाली, टाळू खोल गेली किंवा बाळ मरगळून दूधही ओढेना, तर मात्र घरी पाणी पाजत बसू नका, तडक दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर रात्रीसुद्धा थांबायचं नाही, तो उन्हाचा आहे असं समजूनही नाही.

उन्हाळ्यात तिला गुंडाळू नका. दुपटं, टोपडं, मोजे सगळं काढा, सुती झबलं पुरे. पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपवू नका. ओल्या फडक्यानं अंग पुसा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, बाजूनं हवा खेळू द्या.

बाळगुटीचं तुम्ही लिहिलंत. सहाणेवर मायफळ, मुरुडशेंग, वेखंड उगाळताना तुमचा हात जाणता असेल यात शंका नाही. पण किती वेढ्यांत पोटात नेमकं काय आणि किती गेलं, हे कोणालाच मोजता येत नाही, आणि ती उगाळायला पुन्हा पाणीच लागतं. सहा महिने गुटी बाजूला ठेवा. मध तर वर्षभर नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा जुलाबात सांगितलेलं ओआरएस मात्र चालतं, ते पाण्यात धरत नाहीत.

बाळ पिवळं पडलं होतं म्हणून कोणी ग्लुकोजचं पाणी सुचवलं असेल, तर तेही नको. कावीळ शौचावाटे निघते, आणि शौच होते दुधामुळे.

आता मला तुम्हालाच एक विचारायचंय, आजी. लेक दिवसाला किती पाणी पिते?

हे मी उगाच विचारत नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात दीड महिन्याचं बाळ घेऊन एक कुटुंब आलं. तक्रार तुमचीच, बाळाला तहान लागते. मी बाळ तपासत होते, ते गुटगुटीत, लंगोट ओला. इतक्यात मागे बाकावर बसलेली आई घेरी येऊन कलंडली. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. तिला विचारलं, पाणी किती पितेस? सकाळी एक फुलपात्र, जेवताना एक. बाळंतिणीला जास्त पाणी दिलं तर पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, म्हणून घरात तांब्या वर ठेवलेला. कानाला फडकं, दाराखिडक्या बंद, खोलीत शेगडीचा शेक. तपासायला आणलं होतं बाळ, सलाईन लावावं लागलं आईला.

बाळाला दिवसाला साडेसहाशे मिली पाणी जातं ते आईच्या अंगातून जातं, आणि वर तिचा घामही आहे. पाणी ढोसून दूध वाढत नाही, पण न प्यायल्यानं तिला डोकेदुखी, मलावरोध, लघवीची जळजळ, घेरी हे सगळं होतं, आणि अशी आई बाळाला घटकेघटकेला अंगावर घ्यायला कशी उठेल? जे पाणी तुम्हाला नातीला पाजावंसं वाटतं ते लेकीला पाजा. प्रत्येक वेळी ती पाजायला बसली की एक पेला तिच्या हातात द्या. साधं पाणी, ताक, पातळ वरण, फार चिल्ड नको एवढंच. माठातलं चालतं. लेकीचं आणि तुमचं या प्रश्नावरून बोलणं झालं असेल तर हा पेला नेऊन द्या.

दुसरा छोटा प्रश्न (नाशिकहून एका वडिलांचा): मुलगा सहा महिन्यांचा झाला. आता पाणी किती? बाटलीतून दिलं तर चालेल?

वरचं अन्न सुरू करताय, तेव्हा पाणीही सुरू करा. सुरुवातीला घासागणिक एखादा घोट, हळूहळू दिवसभरात १२० ते २४० मिलीपर्यंत. वर्षाचा होईपर्यंत त्याहून फार जास्त नको, नाहीतर दूध मागे पडतं. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्या, झाकून गार करा, त्याच दिवशी संपवा. बाटली नको. छोट्या पेल्यानं किंवा वाटीनं पाजा, सांडेल, चार दिवसांत जमेल. बाटलीच्या बुचात जंतू साचतात आणि ती नीट धुणं घरोघरी होत नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, ती उगाच नाही. मुलगा डब्याच्या दुधावर असेल तर डब्यावर लिहिलेल्या मापाइतकंच पाणी घाला, कमी नाही आणि जास्तही नाही, आणि पुढच्या तपासणीला तो डबा आणि मापाचा चमचा दोन्ही सोबत घेऊन जा.