पॅकेज भरण्याआधी रिपोर्ट

प्रश्न: मी ३४, पत्नी ३१. नाशिकला दोघंही नोकरी करतो. माझ्या वीर्यतपासणीत दोनदा शुक्राणू शून्य आले. हॉस्पिटलने मायक्रो-टेसे (सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधून काढण्याची शस्त्रक्रिया) आणि इक्सी (प्रयोगशाळेत शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं) यांचं साडेतीन लाखांचं पॅकेज सांगितलंय. महिनाअखेरपर्यंत भरलं तर ३० हजार सूट. ४ लाखांची एफडी मोडू की पत्नीच्या दागिन्यांवर कर्ज काढू?

उत्तर: या महिन्यात दोन्ही नको. तुमच्या पत्रात कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी) आणि वाय मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा एखादा छोटा भाग गळालाय का ते पाहणारी) या रक्ततपासण्यांचा उल्लेखच नाही. त्या काही हजारांत होतात, आणि साडेतीन लाख घालायचे की नाही हे बरंचसं त्यांवरच ठरतं.

वाय गुणसूत्रावर शुक्राणूनिर्मितीशी संबंधित एझेडएफ नावाचे भाग असतात: ए, बी आणि सी. ए किंवा बी पूर्ण गळालेला असेल, तर शस्त्रक्रिया करूनही शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. तसा रिपोर्ट आला तर हे पॅकेज घेऊच नका. दात्याचे शुक्राणू घेणं त्याहून बरंच स्वस्त पडतं. ते २०२१च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात. फक्त सी गळाला असेल तर साधारण निम्म्या पुरुषांत शुक्राणू सापडतात, पण मुलगा झाला तर हाच दोष त्याच्याकडे जाईल. हे दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर बसून ऐका.

वीर्यवाहिन्याच जन्मतः नसतील तर हिशेबच बदलतो. शुक्राणू तयार होतात, फक्त बाहेर येत नाहीत. ते बहुधा सुईनेही काढता येतात, मग मायक्रो-टेसेचे पैसे कशाला? तिथे सीएफटीआर जनुकाची तपासणी लागते, पत्नीचीसुद्धा. दोघांतही दोष निघाला तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिसचा, म्हणजे फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, धोका असतो. तो टाळायला गर्भाची जनुकीय तपासणी करायची म्हटली की तो खर्च वेगळा.

हॉस्पिटलकडून लेखी घ्या: शुक्राणू मिळाले नाहीत तर इक्सीचे पैसे परत मिळणार का? पत्नीची स्त्रीबीजं वाढवण्याची इंजेक्शनं पॅकेजमध्ये धरली आहेत का? आधी शुक्राणू काढून गोठवायचे आणि मगच तिची इंजेक्शनं सुरू करायची, असं चालेल का? (हे वैद्यकीय दृष्ट्या योग्य की नाही ते डॉक्टर ठरवतील; पण विचारायला पैसे पडत नाहीत.) आणि सूट? महिनाअखेरची सूट साडीच्या दुकानात ठीक. पत्नी ३८ची असती तर मीही घाई करा म्हटलं असतं. ३१व्या वर्षी रिपोर्टसाठी थोडे आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही.

रिपोर्ट अनुकूल आला तर एफडी मोडा, दागिने नकोत. एफडी मोडल्यावर व्याजात थोडी कपात होईल, पण सोनेतारणाचं व्याज त्याहून महाग पडतं, आणि दागिने पत्नीचे आहेत. मात्र सगळी एफडी मोडू नका. अर्धवट मोडता येते का, बँकेत विचारा. पहिल्याच फेरीत गर्भ राहील असं धरून चालू नका. किमान दीड लाख मागे ठेवा आणि उरलेलं दोघांच्या पगारांतून टप्प्याटप्प्याने भरता येईल का ते हॉस्पिटलला विचारा. आरोग्य विम्यावर विसंबू नका, बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. तरी कंपनीच्या ग्रुप पॉलिसीचा कागद एकदा एचआरकडून मागून वाचाच.