मुलाचा मित्र घरी जायचं नावच घेत नाही, त्याच्या घरी फोन करू का?

हे मला बरेच पालक विचारतात, दोन दिवस म्हणून आलेला मित्र हलतच नाही, आपण लाड करतोय की काय. एका ताईंची केस सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). त्यांच्या मुलाचा मित्र १९ वर्षांचा, हॉलमधे सोफ्यावर झोपायचा, पण बॅग कायम भरलेली, कधीही निघा म्हणतील म्हणून. याआधी अजून दोघातिघांकडे राहून झालेलं. ताई म्हणाल्या, "बेघर कसला हो, कॉलेजला जातो, मोबाईल आहे." पण असं आज इथे उद्या तिथे राहणं हाही बेघरपणाच, युरोपात २००५ साली बेघरपणाचं जे वर्गीकरण केलं त्यात हेही धरलंय, फक्त रस्त्यावर दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही.

मी त्याला भेटले तर आधी नुसतं "घरी पटत नाही" म्हणाला. हळूहळू कळलं की सावत्र वडील मारायचे आणि शेवटी कपडेच बाहेर फेकले. म्हणजे पळून आला नव्हता, हाकलला होता. बहुतेक केसेसमधे मुळात घरातली भांडणं, मारहाण असतेच, काही मुलं १८ झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेली, काही समलैंगिक आहेत हे घरी कळल्यावर हाकललेली.

म्हणून त्याला न विचारता घरी फोन करू नका. (१८ च्या आतला असेल तर वेगळं, बालसंरक्षणवाल्यांना कळवायलाच हवं, आणि तेही त्याला सांगून.) ताईंना म्हटलं, "महिनाभर राहा असं स्पष्ट सांगा." आज रात्री कुठे झोपायचं हाच विचार डोक्यात असेल तर अभ्यास, नोकरी काय सुचणार? आधी सुधार मग राहा ही अट उलटी आहे. आधी घर, मग बाकीची मदत हे मॉडेल १९९२ मधे न्यूयॉर्कला सुरू झालं आणि फिनलंडने तर २००८ पासून देशभर राबवलं.

मग त्याच्याच परवानगीने मावशीशी बोललो, तिने कागदपत्रं आणून दिली. तो घरी परत गेला नाही, आईला बाहेर भेटतो, आता दोघांबरोबर खोली शेअर करतोय. मला तरी हे यशच वाटतं.

आणि तुम्हाला खरंच ठेवणं जमत नसेल तर टोमणे मारून घालवू नका प्लीज, तारीख सांगा आणि त्याआधी त्याच्यासोबत बसून दुसरी जागा शोधा.