शंका-समाधान : तार मोजून, केबल जपून

प्रश्न : आकाशवाणी नाशिक (101.4) सातपूरच्या आमच्या घरात खरखरत लागतं. तयार अँटेना न आणता स्वतः करून शिकायचंय. सुरुवात कशी करू?

उत्तर : आधी ऐकण्याची अँटेना करा. त्याला परवाना लागत नाही आणि चुकलं तरी काही जळत नाही. 143 ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की डायपोलची (मध्ये तोडलेली, दोन सारख्या हातांची सरळ तार) पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते. 101.4 साठी ती 1.41 मीटर, म्हणजे प्रत्येक हात साधारण 70 सेंमी. पुस्तकात अर्धी तरंगलांबी काढायला 150 ने सुरुवात करतात, पण खरी तार टोकांच्या परिणामामुळे मोजपट्टीपेक्षा जरा लांब असल्यासारखी वागते. म्हणून पाचेक टक्के कमी धरायचं.

घराच्या वायरिंगची 2.5 चौरस मिमीची दीड मीटर तार, तेवढाच पीव्हीसी कंड्युट पाइप, स्क्रूची कनेक्टर पट्टी आणि केबल टीव्हीची आरजी-6 एवढं सामान पुरतं. तारेचे दोन हात पाइपवर एका रेषेत बांधा, मध्ये दोनेक सेंमी अंतर सोडा. एका हाताला केबलची मधली तार, दुसऱ्याला जाळी. डाग द्यायला जाऊ नका. आरजी-6 ची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असते, तिला साधा डाग धरत नाही. स्क्रूच बरा. डायपोलचा इम्पीडन्स (लहरींच्या वाटेतला विरोध) 73 ओहमच्या आसपास आणि केबल 75 ओहमची, त्यामुळे जोडी जमते. मधून निघालेली केबल मीटरभर तरी तारेला काटकोनात न्या. हातालाच चिकटून खाली सोडली तर तीही अँटेनाचा भाग होऊन बसते.

आता आडवी, उभी, दोन्ही प्रकारे धरून ऐका. आवाज मध्येच फाटत असेल तर अँटेना 70-75 सेंमी सरकवा. आरसीसी भिंतींवरून परतलेल्या लहरी आणि थेट आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात, आणि अशा मेलेल्या जागेपासून चांगली जागा साधारण पाव तरंगलांबीवर असते. तरीही खरखर राहिली तर सेट बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच मिनिटभर बंद करा. आवाज स्वच्छ झाला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत तो शोधा. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्यावर पहिला संशय घ्यावा.

प्रश्न : मुंबईचं मध्यम लहरींवरचं केंद्र रात्री छान लागतं. मग मुंबईचे एफएम नाशिकला का येत नाहीत? उंच अँटेनाने येतील का?

उत्तर : एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायला उंचीच्या (मीटर) वर्गमुळाला 4.12 ने गुणतात. प्रसारणाचा मनोरा 100 मीटर आणि तुमची गच्ची 9 मीटर धरली तर 41 अधिक 12, म्हणजे 53 किमी. मुंबई सरळ रेषेत सुमारे 140 किमी, त्यात मध्ये सह्याद्री. गच्चीवर आणखी 5 मीटरचा पाइप चढवून हे अंतर कापलं जाणार नाही. हवामानामुळे एखाद्या दिवशी लांबचं केंद्र अचानक लागतं, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मध्यम लहरींचं गणित वेगळं. दिवसा त्या वातावरणातल्या 'डी' थरात शोषल्या जातात, सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परतून लांब उतरतात.

प्रश्न : मी परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) आहे, सिडकोत राहतो. गच्चीवर 145 मेगाहर्ट्झची ग्राउंड प्लेन अँटेना (उभी काडी, खाली पसरलेल्या तारा) आहे. उन्हाळ्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या शक्तीचं माप, 1 म्हणजे उत्तम) 1.3 होता, पाऊस लागताच 3 झाला. अँटेना बिघडली का?

उत्तर : बहुतेक नाही. पाणी कनेक्टरमध्ये शिरलं आहे. पीएल-259 (केबलच्या टोकाचा नेहमीचा कनेक्टर) जलरोधक नसतो. अँटेना काढून केबलच्या वरच्या टोकाला 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती गिळणारा रेझिस्टर) लावा. खालून 1.1 च्या आसपास दिसलं तर केबल ठीक, दोष वर आहे. तरीही 3 दाखवत असेल तर केबल किंवा तिचे कनेक्टर. डमी लोड घरी होतो: 1 किलोओहम, 2 वॅटचे 20 कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर जोडा, 50 ओहम आणि 40 वॅट मिळतात. रेझिस्टरचे पाय मात्र अगदी आखूड ठेवा. वायरवाउंड रेझिस्टर चालत नाहीत, ते कॉइलसारखे वागतात.

उलटा प्रकार जास्त फसवा आहे. भिजलेली केबल परतणारी शक्ती स्वतःच गिळते, त्यामुळे खाली एसडब्ल्यूआर झकास दिसतो आणि हवेत काहीच जात नाही. मीटर खूश पण समोरचा ऐकत नाही, अशी अवस्था असेल तर केबल बदला. चांगल्या आरजी-58 (बारीक, 50 ओहमची केबल) मध्येही 145 वर 15 मीटरला जवळपास निम्मी शक्ती जाते. मोठा सेट घेण्याआधी केबल आखूड आणि जाड करा, ते स्वस्तात पडतं.

उभी काडी 49 सेंमी, खालचे चार रेडियल (पसरलेल्या तारा) तेवढेच किंवा किंचित लांब, 45 अंश खाली वाकवलेले. आडवे ठेवले तर इम्पीडन्स 36 ओहमच्या आसपास राहतो, वाकवले की 50 कडे सरकतो. नवा जोड आधी स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे बसतात. त्यावर उन्हात टिकणारी टेप. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, पाणी तिथून गळून जाईल.

प्रश्न : दिंडोरीच्या द्राक्षबागेत गडी आणि घर यांच्यात बोलायला ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी चालतील का?

उत्तर : 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, अर्धा वॅट, न निघणारी अँटेना असे सेट परवान्याविना चालतात. मान्यतेचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागून घ्या. हवी ती फ्रिक्वेन्सी टाकता येणारे 5 वॅटचे सेट परवान्याविना वापरू नका. मंडपाच्या तारा आणि ओली पानं सिग्नल अडवतात, म्हणून बोलताना बांधावर या.

प्रश्न : मी नववीत आहे, नाशिक रोडला राहते. हॅमची परीक्षा देता येईल का? एफएम ट्रान्समीटरचं किट आणू का?

उत्तर : परीक्षा दे. किमान वय 12 आहे. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. रिस्ट्रिक्टेड या खालच्या श्रेणीला मोर्स (ठिपके-रेघांची संदेशलिपी) लागत नाही. जनरलला मिनिटाला 8 शब्द घेता आणि पाठवता यावे लागतात. किट मात्र राहू दे. 88 ते 108 वर विनापरवाना प्रसारण गुन्हा आहे, आणि 108 च्या लगेच वर विमानांची फ्रिक्वेन्सी सुरू होते. फिल्टर नसलेल्या किटच्या भरकटलेल्या लहरी तिकडेही पडू शकतात, आणि ओझरला विमानतळ आहे. हाताने काही करायचंच असेल तर सातपूरच्या उत्तरातली डायपोल बांध, आणि रोज दहा मिनिटं मोर्स ऐक. ठिपके-रेघा मोजू नकोस, अक्षराचा सूर ओळखायला शीक.